सोमवारचा नॉर्मल माणूस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालतो असं लिहायची रीत आहे. पण छातीचं हाड मधोमध कापून तारेने पुन्हा शिवल्यामुळे मला बारा आठवडे पालथं पडायला बंदी आहे. तेव्हा आठ अंगांपैकी सध्या जेवढी वाकतात तेवढ्यांनी, म्हणजे मान आणि उजव्या हाताने, केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे? चष्म्याचा नंबर? तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात दोनदा थांबावं लागतं असं मागे लिहिलं होतंस, त्याचं आता तीनदा झालं का? (हा प्रश्न सहज विचारलाय असं समजू नकोस. पुढे येईलच.)

तुझं पत्र पोचलं. सोबत माझंच आधीचं पत्र तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलंस, त्याबद्दल आभारी आहे. मुख्याध्यापिका निवृत्त होते, तांबडी शाई होत नाही. दवाखान्यातल्या खाटेवर, एका हाताला सलाइन असताना लिहिलेल्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणीस चुका सापडणं हे मला मुळीच जास्त वाटत नाही. पण त्या पत्रात एक सरळ गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर तू शेवटच्या चार ओळींत उरकलंस. माझ्या सर्जननी मला सांगितलं, आणि मी तुला कळवलं, की माणसाच्या हृदयातल्या त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच होत्या, आणि हा प्रकार घराण्यात चालतो, म्हणून भावंडांनीही तपासून घ्यावं. (आईला धाप लागायची ती दम्याने नव्हे, हे कळायला आपल्याला एक्कावन्न वर्षं लागली.) त्यावर तू लिहितेस, मला काही झालेलं नाही, दोन वर्षांपूर्वी तूच तुझ्या लॅबमध्ये माझं रक्त काढलंस, कागदावर नॉर्मल छापलंय, खाली तुझीच सही आहे, कागद माझ्या पर्समध्ये आहे, मी छाती फाडून घेणार नाही. ताई, या चार ओळी मी सात वेळा वाचल्या. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

आता माझी हकिगत ऐक, म्हणजे त्या चार ओळींना उत्तर द्यायला मला एवढे दिवस का लागले ते कळेल. मी शुद्धीवर आलो तेव्हा घशात एक नळी, मानेत एक, छातीत दोन, आणि खाली जी असते ती. चौतीस वर्षं मी माणसांना नळ्यांत भरलं, आता नळ्या माणसात भरल्या होत्या, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायचं. त्या उशीशी माझं जेवढं सख्य झालंय तेवढं घरात कोणाशीही नाही. नवी झडप धातूची आहे आणि ती वाजते. खरंच वाजते, खोली शांत असली तर समोरच्यालाही ऐकू येते. पूर्वी मी मनातल्या मनात चिडलो की कोणाला पत्ता लागायचा नाही. आता तुझा भाचा टेबलापलीकडून मोजतो आणि म्हणतो, बाबा, नव्वद झाले, विषय बदलूया. साठ वर्षांच्या माणसाला निदान मनातल्या मनात तरी शिव्या देता याव्यात की नाही?

पण खरा अपमान ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच झाला होता. दवाखान्यात एक संशोधनवाली मुलगी आहे. झडपेच्या ऑपरेशनआधी रक्तातल्या काही खुणा मोजायच्या, हृदयावर ताण किती, अंगात सूज किती, मूत्रपिंड किती दमलंय, आणि त्यावरून माणूस किती दिवसांत उठून चालेल ते आधीच सांगायचं, असा तिचा अभ्यास. मी म्हटलं घे. तिने पट्टा माझ्या दंडाला दीड मिनिट बांधून ठेवला. दीड! एका मिनिटाच्या वर पट्टा ठेवणाऱ्या पोरांना मी लॅबच्या बाहेर उभं केलंय. पाच नळ्या भरल्या, नळ्या हलवताना मिक्सर लावल्यासारख्या हलवल्या (हळूच उलट्या करायच्या असतात, पण कोण ऐकतो), आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फाइलवर शिक्का मारला. तीन शिक्के असतात: लवकर, बेताने आणि सावकाश. मला सावकाश मिळाला. ताणाचा आकडा सर्वांत वाईट, वॉर्डात पहिला नंबर. शाळेत मी कधी पहिला आलो नव्हतो, इथे आलो.

तो शिक्का घरच्यांनी वाचला आणि त्या दिवसापासून मी माणूस राहिलो नाही, सावकाश झालो. मी पाय खाली सोडला की आमची ही ओरडते, सावकाश! पेला उचलला की मुलगा, सावकाश! फोनवर नातेवाइकांना सांगणं चालू असतं, त्यांचं काय, ते सावकाश आहेत. शेजारच्या खाटेवरचा बसड्रायव्हर लवकर होता. त्याचे घरचे सहाव्या दिवशी त्याला त्याचीच पिशवी उचलायला लावून घेऊन गेले. कागदावर लवकर लिहिलंय म्हटल्यावर कोण हात देणार? नवव्या दिवशी तो फुप्फुसात पाणी घेऊन परत आला. त्या मुलीला मी मुद्दाम विचारलं, हे कसं? ती म्हणाली, काका, शंभरातले किती ते आम्ही सांगतो, शंभरातला कोण ते नाही सांगता येत. उत्तर चांगलं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. चौदाव्या दिवशी मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत येताना खुर्चीत बसलो. म्हणजे माझ्याबाबतीत तिचा कागद खरा ठरत होता, आणि माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं.

कारण ताणाची ती टेस्ट, ताई, आपल्या गावात मी आणली. (म्हणजे मशीन लॅबच्या मालकांनी आणलं, पण चालवलं मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, एरवी रिपोर्टखाली सही माझीच.) हृदय दमलं की ते रक्तात एक पदार्थ सोडतं, जितकं दमेल तितका जास्त, तो मोजायचा. आता कुठलंही मशीन रोज थोडं इकडे तिकडे सरकतं, म्हणून ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं रक्त त्यात घालून बघायचं असतं. तशा बाटल्या बाहेरून येतात. आमच्याकडे वेळेवर कधीच यायच्या नाहीत. मग मी शक्कल लढवली. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी माझंच रक्त काढायचो. मी ठणठणीत माणूस, पहिल्या दिवशी माझा आकडा आला ऐंशी, म्हटलं ठरलं, हे आपलं नॉर्मल. शंभरच्या आत सगळे नॉर्मल, आणि ऐंशी म्हणजे मी. झाडूवाल्या मावशीसुद्धा सोमवारी मला बघून म्हणायच्या, आले का नॉर्मल साहेब. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे असं व्हायला लागलं की सोमवारी माझा आकडा चौऱ्याऐंशी यायचा, कधी एक्याण्णव. मी म्हणायचो, मशीन सरकलं. मशीनमध्ये एक फॅक्टर असतो, मोजलेला आकडा ज्याने गुणून छापतात तो. तो मी थोडा कमी करायचो, की मी परत ऐंशी. तीन वर्षं, ताई, दर सोमवारी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणच दर सोमवारी खणून सरळ करत होतो. त्याच तीन वर्षांत मला जिना चढताना धाप लागायला लागली, ही म्हणायची दाखवा कोणाला तरी, आणि मी सोमवारचा कागद तिच्या पुढ्यात टाकायचो. बघ, ऐंशी. निवृत्त होताना शेवटचा फॅक्टर चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवला, खाली लिहिलं, याला कोणी हात लावू नये. आठ महिन्यांनी नळाची चावी घट्ट करताना स्वयंपाकघरात आडवा झालो. तिथून पुढचं तुला माहीत आहे.

हे सगळं आज मी असं सरळ लिहितोय, पण तेव्हा माझ्या डोक्यात त्यातलं काहीही नव्हतं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की त्या मुलीचं मशीन चुकलंय. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या जागी आलेला टेक्निशियन भेटायला आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, दंड पुढे केला. त्याने रक्त नेलं, संध्याकाळी कागद आणला. नॉर्मल! सत्त्याऐंशी. मी तो कागद भिंतीला लावला. हिला म्हटलं, आता कोणी सावकाश म्हणायचं नाही, आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरला. (तांब्या खाली पडला, ती वेगळी गोष्ट.)

आणि पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा तिचा आणि आमच्या लॅबचा, दोन्ही कागद खिशात घालून गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी समजलं. सर्जनच्या खोलीबाहेर ती मुलगी भेटली, मी दोन्ही कागद तिच्यासमोर धरले आणि चौतीस वर्षांचा अनुभव काय असतो ते तिला दहा मिनिटं ऐकवलं. पट्टा, नळ्या, हलवणं, सगळं काढलं. बाकावरचे पेशंट ऐकत होते. तिने कागद दोनदा वाचले आणि विचारलं, काका, तुमच्याकडचं मशीन तुम्ही कोणाच्या रक्ताने तपासता? मी छाती (होती तशी, तारेसकट) पुढे काढून म्हटलं, माझ्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने कागदांकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. झडप मात्र वाजत होती, ती बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेली. तुझा भाचा तिथे होता, त्याने या वेळी आकडा मोठ्याने म्हटला नाही.

तर असा मी. लोकांना तीन वर्षं माझ्याशी ताडून बघितलं, आणि मीच सगळ्यांत आजारी. माझी झडप जितकी कडक होत गेली तितकं गाव निरोगी होत गेलं, कागदावर. ज्याचा खरा आकडा दोनशे, त्याला मी सत्तर छापून दिले, खाली सही केली, वर म्हटलं, काळजी नको, गोड खा. मालकांना फोन केला. म्हटलं, मशीन बंद करा आणि जुन्या लोकांना बोलवा. ते म्हणाले, मशीन बघून घेऊ, पण जुनं उकरून काय मिळणार, लॅबचं नाव जाईल, तुम्ही आराम करा, तुम्हाला सावकाश सांगितलंय ना? (त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं.) ज्या माणसापुढे मी चौतीस वर्षं मान खाली घातली त्याला मी त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहीत नाही, तू तांबड्या शाईने खोडशील. टेक्निशियन मात्र भला निघाला. त्याने चिठ्ठी फाडून मशीन थांबवलं आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो मला पाठवले. दोनशे सहा नावं आहेत. रोज जेवण झालं की ही फोन लावते आणि मी बोलतो.

बोलायचं काय, हा प्रश्न आहे. पाववाल्याने फोन उचलला. म्हटलं, अहो, तुमचा दीड वर्षापूर्वीचा तो रिपोर्ट बरोबर नव्हता, पुन्हा तपासून घ्या. तो म्हणाला, मी ठणठणीत आहे, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय, तुम्ही कोण? मी म्हटलं, मीच तो नॉर्मल. त्याने फोन ठेवला. दोघांनी शिव्या दिल्या, त्यांचे मी आभार मानले. सात-आठ जणांनी ऐकलं आणि जाऊन दाखवून आले, त्यातल्या एका शिंपीणबाईंना लगेच ठेवून घेतलं, आता बऱ्या आहेत. आणि परवा एक फोन सुनेने उचलला. सासरे गेल्या वर्षी गेले, म्हणाली. कशाने, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ती म्हणाली, वय झालं होतं, दुसरं काही नाही, रिपोर्ट तर सगळे चांगले होते.  मग ती म्हणाली, काका, तुमच्याजवळ घड्याळ ठेवलंय का, टिकटिक ऐकू येते. मी हो म्हटलं. त्यानंतर मी रडलो, ताई. छातीची तार दुखेपर्यंत रडलो, उशी धरून. ही शेजारी बसून राहिली आणि सावकाश म्हणाली नाही.

असो. सगळं लिहून हात दुखला. तुझ्या पर्समधल्या कागदाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू शहाणी आहेस, चाळीस वर्षं शाळा चालवलीस, तुला सांगणारा मी कोण. पत्राचं उत्तर सवडीने दे. चुका काढल्यास तर एकूण किती ते कळव.

तुझा धाकटा
(एके काळचा नॉर्मल)

ता. क. माझी जुनी लोकरीची टोपी तुझ्याकडे राहिली आहे. घाई नाही.

ता. क. २. वरचं खोटं आहे. टोपी इथेच आहे आणि घाई आहे. रजिस्टरमध्ये तुझं नाव एकशे सतराव्या नंबरवर आहे. सोमवार होता. फॅक्टर मी नऊ वाजता खाली आणला आणि तुझं रक्त सव्वानऊला काढलं. तुझ्या कागदावर नव्वद छापलंय. त्या महिन्यात फॅक्टर मूळच्या तिसऱ्या हिश्शावर आला होता. गुणाकार तू कर. पाढे मला तूच शिकवलेस.

ता. क. ३. दोनशे सहा जणांना फोन करतोय, तुलाच पत्र का, असं विचारशील. फोन एकदा लावला होता. तू हॅलो म्हणालीस, जिना चढून आली होतीस बहुतेक, हॅलोनंतर तुला श्वास घ्यावा लागला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू चौदाची, पण तो श्वास मला पाठ आहे. तू झापून घेतलंस आणि मी फोन ठेवला. राँग नंबर म्हणून तू ज्याला झापलंस तो मीच.

ता. क. ४. मंगळवारी सकाळी आठ वाजता तुझा भाचा गाडी घेऊन खाली येईल. सर्जनची वेळ अकराची घेतली आहे, तुझ्या नावाने, तुला न विचारता. जिना उतरताना दर मजल्यावर बस. ती संशोधनवाली मुलगी तुझ्याही पाच नळ्या घेईल. घेऊ दे. पोरगी हुशार आहे. पट्टा जास्त वेळ ठेवला तर तू ओरडू नकोस, मी ओरडीन, मला सवय आहे.

ता. क. ५. आणि तुझी झडप बदलायचं ठरलंच, तर आधी एका कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तुला मी सोडून कोण आहे? एक सही तुझ्या पर्समध्ये चुकीची पडून आहे, ताई. ही दुसरी मला करू दे. तांबड्या शाईने करीन.